सुभेदारांचा फुकटचा महिना

फुकटचा महिना संपायच्या दोन दिवस आधी, सकाळी सहाला अंगणात उभं राहून शिट्टी फुंकणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते माझे पलूसचे घरमालक. मी तिथल्या ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे आणि त्यांच्या वरच्या मजल्यावर तीन वर्षं भाड्यानं राहिले. सैन्यातनं सुभेदार होऊन रिटायर झालेले, म्हणून सगळी गल्ली त्यांना सुभेदार म्हणायची. त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या काकूंनाही त्यांचं दुसरं काही नाव असेल असं वाटत नसावं. त्याही "आवं सुभेदार" अशीच हाक मारायच्या.

शिट्टी कशाची, ते आधी सांगते. ऑनलाइन खरेदीच्या कंपन्या नव्या गिऱ्हाइकाला एक महिना मेंबरशिप फुकट देतात. त्या महिन्यात पार्सल घरपोच यायला पैसे पडत नाहीत, सेलमध्ये इतरांच्या आधी शिरायला मिळतं. महिना संपला की मात्र गुपचूप पैसे कापले जातात. तुम्ही-आम्ही काय करतो, तर महिना घेतो आणि विसरून जातो. सुभेदारांचं म्हणणं असं, की कंपनीचा सगळा संसार आपल्या विसरण्यावर चाललाय. "आन फौजी बाकी कायबी करंल मॅडम," ते म्हणायचे, "पर तारीख इसरणार न्हाई."

म्हणून त्यांनी गल्लीची ड्यूटी लावली होती. बावीस घरं, दर महिन्याला एका घरातला एक फोन ड्यूटीवर. त्या फोनवर फुकटचा महिना घ्यायचा, त्या महिन्यात सगळ्या गल्लीनं काय मागवायचं ते त्याच फोनवरनं मागवायचं, आणि अठ्ठाविसाव्या दिवशी शिट्टी वाजली की मेंबरशिप रद्द करून पुढच्या घराकडं चार्ज द्यायचा. त्यांच्या सोप्याच्या, म्हणजे ओसरीच्या, भिंतीवर एक पाटी टांगलेली असायची. तिच्यावर खडूनं लिहिलेलं, "ड्यूटीवर – गुरवांची सून. राहिले दिवस – ११." नवखा माणूस ती पाटी वाचून गुरवांच्या सुनेबद्दल काय समजत असेल देव जाणे. पण गल्लीला त्याचं काही वाटत नसे, आणि तीन महिन्यांत मलाही वाटेनासं झालं.

ही बुद्धी कँटीनची. आमच्या भागात ज्याच्या घरात फौजी त्याच्याकडं मिलिटरी कँटीनचं कार्ड, आणि ज्याच्याकडं कार्ड त्याच्या दारात आख्खी भावकी. सुभेदार सुट्टीवर आले की लोक तब्येत विचारायच्या आधी चिठ्ठी हातात द्यायचे. साबण, मिक्सर, कुकर, लेकीच्या लग्नाला बॅग. पंचवीस वर्षं त्यांनी लोकांच्या चिठ्ठ्या सांभाळल्या. रिटायर झाल्यावर पुतण्यानं फोनवर ऑनलाइन दुकान उघडून दाखवलं, तेव्हा ते म्हणे बराच वेळ नुसते बघत बसले. मग म्हणाले, "ही तर कँटीनच हाय की. निस्तं गेटवर कोण सॅल्यूट मारीत न्हाई."

मी खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी डिपॉझिटचं विचारलंच नाही. गाव, आडनाव, पगार, काही नाही. "मॅडम, तुमचा नंबर कोरा हाय का?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हंजी कुठल्या कंपनीचा फुकटचा महिना खाल्लाय का त्यानं?"

नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा खुलला, की मला वाटलं भाडं वाढवतात. उलट शंभर रुपये कमी केले. पुढं मला कळलं की ही त्यांची माणूस जोखायची रीतच होती. गल्लीत नवी सून आली की बायका तिचं मंगळसूत्र बघायच्या आणि सुभेदार तिचा मोबाईल. कोरा नंबर घेऊन आलेल्या सुनेला ते आपणहून पाण्याचा टँकर आधी मिळवून द्यायचे.

मला राग पटकन येतो, हे सांगून टाकते. त्या घरात पहिल्या वर्षात मी चार वेळा खोली सोडायचं ठरवलं. चारही वेळा कारण एकच, रविवार. रविवारी सकाळी सातला अंगणात फॉल-इन असायचा. आठवड्याभरात ज्याला जे मागवायचं त्यानं चिठ्ठी घेऊन ओळीत उभं राहायचं. मी वरनं डोक्यावर उशी दाबून झोपायचा प्रयत्न करायचे आणि खालनं सुभेदारांचा आवाज यायचा. "'चांगलीशी चादर.' चांगलीशी म्हंजी किती बाय किती? चिठ्ठी वापस." माप नसेल तर चिठ्ठी वापस. रंग नसेल तर वापस. "बघून घ्या तुमच्या मनानं" असं लिहिलं तर चिठ्ठी वापस आणि पुढच्या रविवारी ओळीत शेवटचा नंबर.

त्यातनं तो ओटीपी. पार्सल आलं की ड्यूटीवरच्या फोनवर आकडे येतात, आणि ते सांगितल्याशिवाय पार्सल मिळत नाही. आता ड्यूटीवरचा माणूस असायचा द्राक्षाच्या बागेत आणि पार्सल असायचं सुभेदारांच्या दारात. मग फोन करून आकडे मागवायचे. रेंज नसली की ते बांधावरनं रस्त्यावर, रस्त्यावरनं गच्चीवर असे ओरडत ओरडत यायचे. माझी ड्यूटी होती तेव्हा तर मी बारावीला पेशीविभाजन शिकवता शिकवता फोन उचलला आणि वर्गासमोर "सात, सात, शून्य, तीन" म्हटलं. पुढच्या बाकावरच्या मुलीनं ते वहीत उतरवून घेतलं आणि परीक्षेला येणार का म्हणून विचारलं.

पार्सल आलं की ते सोप्यात, पार्सलवाल्याच्या देखत उघडायचं हा तर त्यांचा कायदाच होता. पूर्वी कधी तरी मिक्सरच्या खोक्यातनं पायपुसणं निघालं होतं. तेव्हापासनं "माल बघितल्याबिगर पोच न्हाई." पार्सलवाले अण्णा पन्नाशीचे, पोटानं आणि तोंडानं सढळ. त्यांना काकू चहा द्यायच्या, अण्णा खाटेवर बसायचे आणि सुभेदार एकेक खोकं फोडून आतला माल वर धरायचे. मग रजिस्टरला नोंद. कुणी काय मागवलं, किती मापाचं, कुठल्या तारखेला आलं. गल्लीतल्या कुठल्या घरात काय चाललंय हे अण्णांइतकं तलाठ्यालाही ठाऊक नव्हतं.

आणि ती रद्द करायची सकाळ. कंपनी काही सहजासहजी सोडत नाही. आधी विचारते, खरंच जाणार का. मग तुमचं काय काय नुकसान होणार त्याची यादी दाखवते. मग रडका चेहरा येतो. सुभेदार ड्यूटीवाल्याच्या पाठीशी उभं राहून धीर द्यायचे. "आता पाया पडंल. बघायचं न्हाई तिकडं. खालचं बारकं बटण दाबा. ढिलं पडायचं न्हाई." दोनदा-तीनदा बटण दाबून झालं की पुन्हा शिट्टी, आणि सगळ्यांना गुळाचा चहा.

माझ्या माहितीत त्या गल्लीनं मेंबरशिपचे पैसे एकदाच भरले, आणि ते काकूंमुळं. त्यांची ड्यूटी होती आणि नेमके सुभेदार अंगठ्याचं नख काढायला सांगलीला दवाखान्यात. काकूंनी एकटीनं रद्द करायला घेतलं. तिथं मराठीत आलं, "तुम्ही गेलात तर आम्हाला वाईट वाटेल." काकू तिथंच विरघळल्या. "एवढं तोंडानं म्हणतंय, तर ऱ्हाऊ दे म्हटलं," असं त्यांनी मला सांगितलं. वर्षाचे पैसे कापले गेले. सुभेदार दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "मी रिटायर झालो तवा पलटणीत कोण असं म्हणालं न्हाई." काकूंनी त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली आणि तो विषय तिथंच संपला.

एवढा सगळा खटाटोप करून हा माणूस स्वतःसाठी काय मागवायचा, तर काही नाही. तीन वर्षांत मी त्यांच्या नावावर एकच वस्तू पाहिली. शिट्टी. जुनीतला मणी घासून गेला होता.

तर माझी ड्यूटी आली श्रावणात. सणांचे दिवस, सगळीकडं सेल, आणि माझा नंबर कोरा. सुभेदार मला दोन वर्षं राखून ठेवत होते असं मला पुढं कळलं. त्या एका महिन्यात माझ्या नावानं त्रेसष्ट पार्सलं आली. पाटीवर "ड्यूटीवर – मॅडम, वरचा मजला" असं लिहिलेलं, आणि त्याच महिन्यात माझं लग्न ठरत होतं.

मुलगा फलटणचा, एका साखर कारखान्यात केमिस्ट. कोरेगावला आमच्या घरी बघायचा कार्यक्रम झाला. बोलायला म्हणून आम्हाला गच्चीवर पाठवलं तर त्यानं विचारलं, "तुम्हाला काय आवडत नाही?" मी म्हटलं, "कुणी मला काय आवडतं ते विचारलं की आवडत नाही." तो इतका हसला की त्याला ठसका लागला आणि त्याची आई खालनं पाणी घेऊन वर आली. मला तो मुलगा आवडला. उगाच आढेवेढे कशाला, फार आवडला. आम्ही नंबर घेतले आणि रोज फोनवर बोलायला लागलो. हे दोन्ही घरी कुणाला माहीत नव्हतं आणि कळलं असतं तर दोन्ही घरांनी कपाळावर हात मारला असता, कारण होकार अजून आला नव्हता.

आमच्याकडं होकार द्यायच्या आधी चौकशी करतात. मुलगी नोकरीला असेल तर ती राहते त्या गावात मुलाकडचं कुणी तरी अनोळखी बनून जातं, चहाच्या टपरीवर बसतं आणि गप्पा मारता मारता काढून घेतं. मुलाचे मामा आले पलूसला. द्राक्षाची रोपं बघायला आलोय म्हणाले. टपरीवर त्यांना भेटले कोण, तर पार्सलवाले अण्णा.

त्या शुक्रवारी संध्याकाळी मुलाचा फोन आला. आवाज खाली.

"एक विचारू का? रागावू नका."

"विचारा."

"तुमच्याकडं दाढीवालं कोणी राहतं का?"

मला काही कळेना. मी म्हटलं, "दाढीवालं?"

"मामांनी यादी आणलीय. तुमच्या नावावर महिन्यात त्रेसष्ट पार्सलं. दाढीचं तेल आहे. आणि... आणि लहान मुलांचे डायपर आहेत. मोठ्या पाकिटात."

अण्णांनी काही खोटं सांगितलं नव्हतं. "मॅडम म्हंजी आमच्या रूटचं एक नंबर गिऱ्हाईक," एवढं अभिमानानं म्हणून जे जे सोप्यात बघितलं ते सगळं वाचून दाखवल्यासारखं सांगितलं होतं, आणि मामांनी खिशातल्या डायरीत उतरवून घेतलं होतं. गल्लीच्या ड्यूटीचं सांगायचं मात्र अण्णांच्या ध्यानातच आलं नाही. त्यांच्या लेखी ते सगळ्या जगाला माहीत होतं. मुलाच्या आईनं यादी ऐकून एवढंच म्हटलं होतं, की रविवारी कळवतो. आमच्याकडं 'कळवतो'चा अर्थ काय असतो ते सगळ्यांना कळतं.

मी जिना उतरून खाली गेले आणि सुभेदारांना जे जे तोंडाला येईल ते बोलले. तुमचे चार पैसे वाचावेत म्हणून माझं लग्न मोडलं म्हटलं. म्हातारपणी पोरखेळ करताय म्हटलं. काकू मध्ये पडायला आल्या तर त्यांनाही ऐकवलं. आणि मग तिथंच पायरीवर बसून रडले. सुभेदार खांबाला टेकून उभे होते. त्यांनी एका शब्दानं मला अडवलं नाही.

मी गप्प झाल्यावर त्यांनी विचारलं, "पोरगा पसंत हाय?"

मी मान हलवली.

"मग चार्ज खोटा हाय," ते म्हणाले. "तुमी ड्यूटीवर हुता. ड्यूटीवरच्या माणसावर आळ आला तर जबाबदारी माजी."

शनिवारी सकाळी सहाला शिट्टी वाजली. कुणाचाही महिना संपत नव्हता, म्हणून सगळे दात घासता घासताच बाहेर आले. सुभेदारांनी थोडक्यात सांगितलं. मॅडमच्या महिन्यात ज्यानं जे मागवलं, त्यानं ती वस्तू घेऊन उद्या फलटणला यायचं. संपली असेल तर खोकं आणायचं. गल्ली चुळबुळायला लागली. कारण माल सोप्यात फुटत असला तरी त्यावर बोलायचं नाही अशी एक समज होती, आणि परक्या गावात, परक्या दारात तो हातात धरून उभं राहणं म्हणजे वेगळंच. तालमीचे वस्ताद आधी खाकरले आणि म्हणाले, "सुभेदार, माझं जरा नाजूक हाय." सुभेदार म्हणाले, "पोरीचं लगीन त्याच्याहून नाजूक हाय." काकू म्हणाल्या मुलीनं असं जायचं नसतं. त्यावर ते म्हणाले, "आरोपी हजर लागतोय."

रविवारी वडापच्या, म्हणजे एरवी सीटवर प्रवासी भरणाऱ्या, दोन जीप आल्या. भाडं सुभेदारांनी आधीच देऊन टाकलं होतं, आणि ते किती असेल याचा अंदाज मला होता. तेवढ्या पैशांत सगळ्या गल्लीच्या मेंबरशिपा झाल्या असत्या. मी तसं म्हटलंही. ते म्हणाले, "बसा मॅडम, उशीर हुतोय." गाडीत चढताना त्यांनी प्रत्येकाची पिशवी उघडून तपासली. माझीही तपासली, आत बघितलं, चेन लावली आणि पुढं सरकले. विटा, मायणी, दहिवडी करत सतराजण आणि एक तान्हं बाळ अकराच्या सुमाराला फलटणला पोचलो.

मुलाची आई अंगणात कडधान्यं वाळत घालत होती. दोन जीपमधनं वस्तू घेऊन माणसं उतरताना बघून तिला वाटलं आम्ही विकायला आलोय. "आमाला काय नको," ती म्हणाली. मग तिनं मला बघितलं आणि पदर सावरला. मामा घरातच होते. मुलगा दारात आला, मला बघून पांढराफटक झाला आणि तिथंच उभा राहिला.

सुभेदारांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. "वहिनी, तुमच्याकडं यादी हाय. माज्याकडं रजिस्टर हाय. पाव्हणं वाचतील, आमी हजेरी देतो. मग तुमी काय ते ठरवा."

मामांनी डायरी काढली. चष्मा लावला. "गुडघ्याचा पट्टा."

पाटलांच्या आजी म्हणाल्या, "हजर." आणि कुणी काही म्हणायच्या आत लुगडं गुडघ्याच्या वर घेऊन पट्टा दाखवला. सगळे पुरुष आभाळाकडं बघायला लागले.

"डायपर, मोठं पाकीट."

गुरवांच्या सुनेनं बाळाला दोन्ही हातांनी उचलून धरलं. बाळानं पुरावा म्हणून काय करायचं ते लगेच केलं, आणि मुलाची आई स्वतः उठून फडकं घेऊन आली.

"दाढीचं तेल." सलूनवाला हजर. "उशीचे अभ्रे, मोरांचे." हजर. "मच्छर मारायची रॅकेट." हजर, आणि चालू करून दाखवली. "तोंडाला लावायचं क्रीम, गुलाबाचं." वस्तादांनी आपल्या एवढ्या मोठ्या पंजात ती बारकी डबी धरली आणि जमिनीकडं बघत म्हणाले, "हजर. उन्हानं कातडं सोलतंय."

मग मामांनी वाचलं, "केसांचा कलप, नैसर्गिक काळा. दोन डब्या."

सुभेदारांनी रजिस्टरात बोट ठेवलं, पण नाव घेतलं नाही. आमच्या गल्लीत एक रिटायर हेडमास्तर होते. सत्तरीचे, केस कोळशासारखे. आमच्या घराण्यात कुणाचे पिकतच नाहीत, असं ते तीस वर्षं सांगत आले होते. त्यांचं पार्सल तेवढं सुभेदार गल्लीकडं पाठ करून फोडायचे. हेडमास्तर हळूच उठले, टोपी काढली, हातात धरली आणि म्हणाले, "हजर." कुणी हसलं नाही. मला एरवी हसू आवरलं नसतं, पण तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या सख्ख्या काकांनी माझ्यासाठी असं काही केलं नसतं.

असं करत करत बासष्ट झाले. मुलाच्या आईचा चेहरा निवळत चालला होता. तिनं आत पोहे करायला सांगितले. सुभेदारांनी रजिस्टर मिटलं.

"थांबा," मामा म्हणाले. "माज्याकडं त्रेसष्ट हायेत." त्यांनी डायरी जवळ धरली. "शर्ट. पुरुषाचा. आकाशी. बेचाळीस नंबर."

गल्लीतले लोक एकमेकांकडं बघायला लागले. शर्ट कुणीच मागवला नव्हता. मी मागवला होता. माप मी फोनवर काढून घेतलं होतं, वर्गात मुलांना सरासरी शिकवायचीय, तुमची छाती किती, असं विचारून. होकार आला की पहिली भेट म्हणून द्यायचा होता. तो आला त्या दुपारी सोप्यात माझ्याखेरीज सुभेदार आणि अण्णा दोघंच होते. सुभेदारांनी खोकं फोडलं, शर्ट बघितला, मला विचारलं, "माप बरोबर हाय?" आणि नोंद न करताच माझ्या हातात दिला. आता तो माझ्या पिशवीत होता. लग्न मोडलंच तर निदान त्याला देऊन परत यायचं, एवढंच ठरवून आणला होता.

मामांनी चष्म्यावरनं माझ्याकडं बघितलं. "बोला की. कुणाचा शर्ट?"

खरं सांगावं तर होकाराआधी पोरगी पोराशी चोरून बोलते, त्याला कपडे घेते. न सांगावं तर बेचाळीस नंबरचा दुसराच कोणी तरी आहे. मुलगा दारातनं एक पाऊल पुढं आला आणि त्याच वेळी सुभेदार म्हणाले, "माजा."

काकूंनी त्यांच्याकडं बघितलं. सगळ्या गल्लीनं बघितलं. पंचवीस वर्षं आणि तीनशे पानांचं रजिस्टर यांत ज्या माणसानं एक खोटी नोंद केली नाही, तो परक्याच्या अंगणात उभं राहून खोटं बोलत होता.

"तुमच्या रजिस्टरात न्हाई मग?" मामा म्हणाले.

"स्वतःचं लिवायचं ऱ्हाऊन गेलं."

"बेचाळीस तुमाला बसंल?"

"बसतोय की. मॅडम, द्या माजा शर्ट. इस्त्रीला दिलता तुमच्याकडं."

मी पिशवीतनं काढून दिला. प्लॅस्टिकमध्ये, टाचण्यांसकट, कॉलरखाली पुठ्ठा. सुभेदारांनी सगळ्यांसमोर टाचण्या एकेक करून काढल्या, शेजारी काकूंच्या हातात दिल्या आणि तो शर्ट अंगातल्या शर्टावर चढवला. वरची दोन बटणं लागली. पोटावरचं तिसरं लागेना. त्यांनी श्वास आत ओढला, लावलं आणि ताठ बसले. पोहे आले. श्वास सोडता येत नसल्यानं त्यांनी पोहे नुसते हातात धरले. कॉलरचा पुठ्ठा त्यांच्या कानाला टोचत होता. ते समोर बघत होते. मामांनी डायरी कधी मिटली मला कळलं नाही.

मुलाच्या आईनं सुभेदारांकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग दारात उभ्या असलेल्या, कानापर्यंत लाल झालेल्या आपल्या पोराकडं ती बराच वेळ बघत राहिली. नजरेनंच त्याचे खांदे मोजले म्हणा ना.

"सुभेदार," ती म्हणाली, "काढा त्यो शर्ट. शिवण उसवायच्या आत ज्याचा हाय त्याला द्या."

सुभेदार उठले. तिसरं बटण सुटल्यावर त्यांनी आधी पोटभर श्वास घेतला. शर्ट काढला, पलटणीत घडी घालतात तशी घडी घातली, काकूंकडनं टाचण्या परत घेऊन जिथल्या तिथं लावल्या. मग दारात जाऊन मुलाच्या हातात दिला.

"घ्या," ते म्हणाले. "चुकून आमच्या दारात आलं हुतं."